प्रतिसाद: दहा महिन्यांचं बाळ रांगत नाही

ताई, नात दहा महिन्यांची झाली तरी रांगत नाही, बसूनच पुढे सरकते म्हणून तुम्ही काळजीत आहात. आमच्या कर्नाटकातल्या खानापूरकडे अशी बाळं पुष्कळ पाहिलीत. काही मुलं रांगतच नाहीत, थेट धरून उभी राहतात. आधाराशिवाय चालणं ८ ते १८ महिन्यांत कधीही येतं, त्यामुळे शेजारच्या बाळाशी तुलना नको.

वरच्या प्रतिसादात कुणीतरी वॉकर, म्हणजे बाळाला आत बसवायची चाकांची चौकट, सुचवलाय, तो मात्र आणू नका. त्यात बसलेलं पोर पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं, तोल सावरायला शिकत नाही, आणि उंबऱ्यावरून कधी उलटेल सांगता येत नाही. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. उभी राहू लागली की जुना लाकडी पांगुळगाडा चालेल, पण कुणीतरी जवळ हवंच. तोवर घोंगडी अंथरून पालथं टाका, खुळखुळा हाताला जरा लांब ठेवा.

अंगणवाडीत वजन करता ना? साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट होतं. ‘तायी कार्डा’वरचं, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावरचं, कन्नड वाचता येत नसेल तर सेविकेला विचारा, ती सांगेल.

नाचणीची पेज द्या, मध वर्षाच्या आत अजिबात नको.

सरकताना एकच हात किंवा एकच पाय वापरते का, तेवढं नीट बघा. तसं असेल, किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जा.