मदत हवी आहे: ४६ व्या वर्षी स्वल्पविराम नीट शिकायचाय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात दूध संस्थेत क्लार्क आहे. दहावी झाली की लग्न, मग पंचवीस एक वर्षं लिहिण्याचा संबंध किराणाच्या यादीपुरता आणि आता गेली चार वर्षं मीटिंगचं इतिवृत्त, ठराव, सभासदांना नोटिसा असलं सगळं मीच लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ बऱ्यापैकी जमायला लागलंय, अडलं की शब्दकोश उघडते. पण स्वल्पविराम कुठं द्यायचा ते काही केल्या कळत नाही आणि ते शब्दकोशात बघायची सोयही नाही.

मागच्या महिन्यात काय झालं ते सांगते (नावं बदललीत). मी ठराव असा लिहिलेला, "गणपत बाबू आणि शंकर यांची प्रत्येकी ५०० रुपये अनामत परत करण्यात यावी." माझ्या डोक्यात माणसं तीन, व्हाउचर तीन केली, १५०० रुपये दिले, तिघांच्या सह्या घेतल्या. ऑडिटला आलेल्या साहेबांनी ठरावावर बोट ठेवलं, म्हणाले इथं माणसं दोन दिसतायत मग पैसे तिघांना कसे गेले? मी म्हटलं तीनच आहेत साहेब. तर ते म्हणाले, "गणपत बाबू म्हणजे बाबूचा गणपत, कुणीही असंच वाचणार ना?" आणि खरंच की हो, आपल्याकडं नावापुढं बापाचं नाव लावायची पद्धतच आहे, सातबाऱ्यावर बघा नाहीतर मतदार यादीत बघा, आणि त्यात आमच्या संस्थेत गणपत नावाचा बाबूचा मुलगा असा एक सभासद खरोखर आहे!

पैसे योग्य माणसांना गेले होते म्हणून निभावलं, पुढच्या मीटिंगला दुरुस्तीचा ठराव घेतला. आडनावं लिहिली नाहीत ही चूक वेगळी, ती परत होणार नाही. पण तेवढ्या वेळात कुणीतरी बाहेर कट्ट्यावर जाऊन सांगितलं की तुमच्या पैशावर हरकत निघालीय, आणि आमचे बाबूअण्णा, सत्तरी ओलांडलेला माणूस, सदऱ्याच्या खिशातनं चुरगळलेली पावती काढून हातात धरून माझ्या टेबलापाशी आले, "पोरी, मी काय चोरी केली का गं?" म्हणाले. मी उठून त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्या दिवशी ठरवलं हे आता शिकायचंच.

शाळेत आम्हाला विरामचिन्हांचा तक्ता पाठ करायला लावला होता, चिन्ह, नाव, एक उदाहरण, परीक्षेत दोन मार्क, संपलं. लक्षात राहिलं ते बाईंचं एकच वाक्य, वाचताना जिथं श्वास घ्यायला थांबतो तिथं स्वल्पविराम. मी तेच धरून बसलेय. आमच्या नोटिसा देवळाच्या माइकवरून वाचून दाखवतात आणि वाचणारे काका वयस्कर आहेत, दर तीन-चार शब्दांनी थांबतात, म्हणून मी त्यांच्या सोयीनं लिहित गेले, "संस्थेच्या सर्व सभासदांनी, वार्षिक सभेस, सकाळी ११ वाजता, उपस्थित राहावे." आता हे वाचून मलाच काहीतरी खटकतं पण नक्की काय चुकलंय ते सांगता येत नाही. म्हणजे जिथं नको तिथं देत होते आणि त्या ठरावात जिथं पाहिजेच होता तिथं दिला नाही, कारण ती तिन्ही नावं मी एका दमात म्हणते.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम पण काढून वाचले, १९६२ ला १४ होते, नंतर भर पडून १८ झाले. त्यात अनुस्वार आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहेत, स्वल्पविरामावर एकही नियम नाही. मग माणसानं बघायचं कुठं?

माझे अडलेले प्रश्न असे. "सभेत असे ठरले की" यात स्वल्पविराम "की" च्या आधी का नंतर? मी नंतर देते, व्हॉट्सॲपवर सगळेच नंतर देताना दिसतात. "पण" च्या आधी काय द्यायचं, शाळेत अर्धविराम शिकवल्याचं आठवतंय पण हल्ली छापलेलं वाचते त्यात कुठं स्वल्पविराम असतो, कुठं काहीच नसतं. "दूध मोजून, फॅट लावून, नोंद करून, पावती द्यावी" असं लिहिलं तर बरोबर का? शिवाय मुलगी कॉलेजला आहे ती म्हणते इंग्रजीत यादीतल्या शेवटच्या "आणि" च्या आधी पण देतात, तर मराठीतही द्यायचा का? आणि मुख्य म्हणजे या वयात, घरकाम आणि नोकरी सांभाळून, मास्तर नसताना याचा सराव कसा करायचा? या पोस्टमध्येही चुका असतील, बिनधास्त दाखवा, वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं मुद्रितशोधन करतो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आधी एक सांगतो, हे चिन्ह आपल्या लिपीसाठी नवंच आहे. पोथ्यांत फक्त दंड असायचे आणि मोडीत तर शब्दाशब्दांतही जागा सोडत नसत. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज कोशकारांनी इंग्रजीवरून ही चिन्हं मराठीत आणली आणि रुळवली. त्याआधी शेकडो वर्षं लोक जर-तर, की, म्हणून, सबब असल्या शब्दांवर आणि प्रत्ययांवर निभावत होते, आजही मराठी वाक्य बरंचसं त्यांच्याच जोरावर उभं असतं. म्हणून जिथं असा शब्द किंवा प्रत्यय आहे तिथं स्वल्पविराम थोडा इकडेतिकडे झाला तरी अर्थ बिघडत नाही. पण तुमच्या ठरावात नुसती नावं शेजारी शेजारी होती, "यांची" हा प्रत्यय एकदम शेवटी, मधे धरायला काहीच नाही. तिथं सगळी भिस्त त्या एका चिन्हावर असते.

श्वास सोडून द्या, क्रियापद शोधा. "सभासदांनी" कुणी, "उपस्थित राहावे" काय करावे, यांच्या मधे सभा आणि वेळ सांगितलीय, ते सगळं एकाच वाक्याचं अंग आहे, एकही स्वल्पविराम नको. काकांसाठी हवं तर त्यांच्या प्रतीवर पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारून द्या. फॅटचं वाक्यही तसंच, "-ऊन" हा प्रत्यय लावून क्रिया ओवल्या जातात तेव्हा गरज नसते, फार लांबलं तर मधे द्या पण "नोंद करून" आणि "पावती द्यावी" यांच्या मधे नको. "की" च्या आधी द्या किंवा अजिबात देऊ नका, नंतर नको, कारण "की" पुढच्या वाक्याला चिकटलेला असतो. "पण" च्या आधी अर्धविराम हे जुनं वळण, चूक नाही, आता स्वल्पविरामही चालतो, एका कागदावर एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं. "आणि" च्या आधी मराठीत देत नाहीत. हाक मारली की मात्र विसरायचा नाही, "अण्णा, जेवायला या".

सरावासाठी रोज चारच ओळी. छापलेल्या मजकुरातल्या ओळी स्वल्पविराम गाळून वहीत उतरवा, दुसऱ्या दिवशी स्वतः भरा आणि मग मूळ मजकुराशी ताडून बघा. जिथं फरक पडेल तिथं का पडला ते शेजारी लिहा, लाल पेनानं. तुमची जुनी इतिवृत्तं असतील तर त्यांच्यावरच करा, तिथली वाक्यं तुमच्या कामाची आहेत.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दादा खूप खूप आभार, क्रियापद शोधा हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. काल रात्री भांडी आवरल्यावर मागच्या वर्षीचं इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन बसले. पहिल्या दोन पानांत १९ स्वल्पविराम होते, त्यातले ११ काढावे लागले आणि ३ नवीन घालावे लागले, तिन्ही ठिकाणी नावांच्या मधलेच. रजिस्टरला हात लावला नाही, वहीत उतरवून केलं.

मला घातलेल्यांपेक्षा राहून गेलेल्यांची जास्त भीती वाटते. म्हणून आता नावं आली की पुढं "या तिघांची", "या पाच जणांना" असा आकडा पण लिहिते, म्हणजे एखादा सुटला तरी माणूस सुटणार नाही. हे बरोबर करते ना?

पुढच्या मीटिंगच्या नोटिशीतलं वाक्य खाली देते, कुणीतरी तपासा प्लीज, उद्या सकाळी बोर्डावर लावायचीय:

"संचालक मंडळाची मासिक सभा शुक्रवारी सकाळी ११ वाजता संस्थेच्या कार्यालयात होणार असून सभेपुढे दूध दर, पशुखाद्य वाटप आणि अनामत परतावा हे तीन विषय आहेत, तरी सर्व संचालकांनी वेळेवर उपस्थित राहावे."

"तरी" च्या आधीचा ठेवू का तिथं वाक्य संपवून पूर्णविराम देऊ?