मांडवीतल्या कॅसिनोत पहिल्यांदा पोकर

प्रश्न: आजवर मोबाईलवरच खेळलोय. पुढच्या महिन्यात पणजीला जातोय, जहाजावर टेबलावर बसायचंय. काय सांभाळू?

उत्तर १: लागलेली रक्कम (बेट) वाढवायची असेल, तर आधी तोंडाने ‘रेझ’ म्हणा, मग चिप्स सरकवा. समोर बेट असताना न बोलता एकच मोठी चिप टाकलीत, तर पत्ते वाटणारा डीलर तो कॉलच, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम भरली असं, धरतो. दोन खेपांत सरकवल्यात, तर दुसरी खेप परत येते. पत्ते टेबलावरून उचलू नका, कोपरा वाकवून बघा आणि वर एक चिप ठेवा. मोकळे पडलेले पत्ते डीलरने ओढले की एक्क्यांची जोडीही गेली! फार जीव जळतो.

उत्तर २: वय 21 पूर्ण हवं. ओळखपत्र न्या.

प्रश्नकर्ता: आणि रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा?

उत्तर १: पॉटमधूनच, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतूनच कापतात. म्हणून फुटकळ पत्त्यांवर कॉल करत बसू नका.