'फेअर' लढत: न्याय्य, रास्त की जोडीची?

विडीघरकुल_अनु: मुलींच्या बॉक्सिंग वर्गातल्या पालकांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. विषय नाजूक आहे. पारलिंगी स्त्रियांना (जन्मावेळी मुलगा अशी नोंद, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या, म्हणजे ट्रान्स स्त्रियांना) महिला गटात लढू द्यावं का, आणि दिलं तर लढत 'फेअर' राहते का. मी 'न्याय्य लढत' लिहिलं. शेजारच्या तालमीतले वस्ताद वाचून म्हणाले, "पोरींना कोर्टात न्यायचंय का? जोड बरोबरीची हाय का नाय, तेवढं लिव्ह." आता 'जोड' लिहिलं तर पत्रक तपासणाऱ्या बाई कापणार. काय ठेवू? या आठवड्यात छापायचंय.

हलगीवाला: जोडच ठेवा ताई. यात्रेच्या फडात पंच दोघांना समोरासमोर उभं करतात, मान-खांदा बघतात, मग जोड लागते. पब्लिक ओरडली तर मोडतात. आणि कोण जिंकणार ते सांगता येत नाही ती काटाजोड. याहून फेअर काय असतं?

शुद्धमती: जोड दोघांची असते, प्रश्न गटाचा आहे. एखादी पारलिंगी खेळाडू एखाद्या मुलीच्या तोडीची निघेलही, तेवढ्यावरून गटाचा नियम न्याय्य ठरत नाही. म्हणून 'न्याय्य'च. आणि कुणी 'रास्त' सुचवण्याआधी सांगते, तो फारसी शब्द रेशनच्या दुकानातच बरा.

पद्मा_टॉवेल: मग 'पब्लिक', 'वस्ताद', 'पैलवान' हेपण काढा मॅडम. सोलापुरात बोलायचं कशात, संस्कृतात?

निळीछत्री: अनुताई, 'पारलिंगी' लिहिलंत ते बरं केलंत, शेवटपर्यंत टिकवा. सरकारी कागदावर 'तृतीयपंथी' येतं. एकदा 'तृतीय' म्हटलं की महिला गटाचं दार शब्दानेच बंद केलं, चर्चा कसली? २०१४च्या नाल्सा निकालात (पारलिंगींच्या हक्कांचा खटला) सर्वोच्च न्यायालयाने तिसरं लिंग मान्य केलं, तसंच स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवण्याचा हक्कही मान्य केला. लोक पहिलंच लक्षात ठेवतात.

हलगीवाला: हक्क मान्य हो. आमच्याकडे यल्लम्माचे जोगते आहेत, गाव त्यांना मान देतं. पण ठोसा मान बघून लागत नाही. ती अमेरिकेतली पारलिंगी एमएमए फायटर फॅलन फॉक्स, तिने २०१४ला समोरच्या बाईच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. पॅरिस ऑलिम्पिकला त्या अल्जेरियाच्या बॉक्सर खेलिफसमोर इटलीची पोरगी ४६ सेकंदांत लढत सोडून बाहेर आली.

लॅब_कोट: थांबा. इमान खेलिफ पारलिंगी नाही. जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढली, नोंदही तीच. २०२३ला दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेतून तिला काढलं ते लिंगचाचणीचं कारण देऊन, आणि त्याचे अहवाल तेव्हा जाहीर केले नव्हते. दोन वेगळे प्रश्न आहेत, पत्रकात एकत्र करू नका. आपल्या शांती सौंदराजनचं २००६च्या दोहा एशियाडमधलं ८०० मीटरचं रौप्य लिंगचाचणीवरूनच गेलं, तीही पारलिंगी नव्हती.

निळीछत्री: आणि फॉक्स २०१३ला ॲशली इव्हान्स-स्मिथकडून हरली होती, ते कुणी सांगत नाही.

हलगीवाला: हरली म्हणजे जोड बरोबर होती असं नाही. लंगडा घोडाही कधी हरवतो.

लॅब_कोट: एकेका लढतीवरून काहीच ठरत नाही, दोन्ही बाजूंनी. यूटा विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासात ठोसा मारण्यासारख्या हालचालीत पुरुषांची सरासरी ताकद स्त्रियांपेक्षा १६२ टक्के जास्त निघाली. पण त्यात पारलिंगी स्त्रिया नव्हत्या. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) औषधाने दाबल्यावर वर्षभरात स्नायू साधारण ५ टक्केच घटतात असं २०२१चा एक आढावा सांगतो, तोही मुख्यतः खेळाडू नसलेल्यांवरचा. उंची, हाडांची लांबी तर औषधाने कमी होत नाही. माझं मत म्हणाल तर धावण्यात पदक जातं, बॉक्सिंगमध्ये मेंदूला मार बसतो. त्यामुळे इथे जास्त कडक राहणं मला पटतं. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२५मध्ये १८ वर्षांवरच्यांना जनुकीय चाचणी सक्तीची केली, एसआरवाय जनुक बघतात, जे साधारणपणे पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर असतं.

शुद्धमती: म्हणजे सुरक्षितता वेगळी आणि न्याय्यता वेगळी. हेच मी म्हणत होते.

निळीछत्री: तुम्ही रेशन दुकानाचं म्हणत होता. आणि त्या चाचणीची घोषणा करताना खेलिफचं नाव घेतलं म्हणून संघटनेच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. सुरक्षिततेच्या नावाखाली प्रत्येक आडदांड पोरीची तपासणी सुरू होते, त्याला कोणता शब्द आहे तुमच्याकडे?

विडीघरकुल_अनु: लोकहो, मला एकच शब्द हवाय. 'बरोबरीची आणि सुरक्षित लढत' चालेल?

पद्मा_टॉवेल: 'बरोबरी' म्हटलं की बाया-पुरुष बरोबरी आठवते. वाचणारी आई म्हणेल, आमच्या पोरीला पोरांशी लढवणार का? आणि हलगीवाले, काटाजोडीतला 'काटा' कुठला? माझे आजोबा म्हणायचे तराजूचा. दोन्ही पारडी सारखी, काटा मधोमध.

हलगीवाला: छ्या! काट्यासारखी रुतणारी, तो काटा. काट्याची टक्कर म्हणतो की आपण.

लॅब_कोट: तराजूचं पटतंय. विनेशला पॅरिसमध्ये १०० ग्रॅमसाठी फायनल खेळू दिली नाही, तिथे काटाच बोलला.

शुद्धमती: तो वजनकाटा नवा. फडावर वजन कधी करत होते? डोळ्यानेच जोड लागायची, आणि त्यात इनामाच्या रकमेची आणि पाटलाच्या पाहुण्याची सोय व्हायची, हे सांगा की. तुमच्या 'जोड' शब्दात किती न्याय होता ते मी माझ्या मामांकडून ऐकलंय.

हलगीवाला: मामा कुठल्या तालमीचे?

शुद्धमती: त्याचा काय संबंध?

पद्मा_टॉवेल: संबंध आहे मॅडम. शिवाय आमच्या तेलुगूत 'चेप्पुल जोडु' म्हणजे चपलांचा जोड. डावी-उजवी सारखी नसते, तरी जोडच.

हलगीवाला: चपला कशाला आणता मधे? तालमीचं नाव सांगा आधी.