परिवहन समितीवर गेलेल्या नव्या नगरसेवकाने आधी काय हाती घ्यावं?

प्रश्न: वाहतुकीतच काम करायचं ठरवलंय. लोक नवा बसमार्ग मागतायत. तिथूनच सुरुवात करावी का?

उत्तर १: नको. आधी गाड्यांचं गणित. जाऊन-येऊन फेरी, टोकाच्या थांब्यावरची विश्रांती धरून, 80 मिनिटांची असेल आणि दर 10 मिनिटांनी बस हवी असेल तर 8 गाड्या लागतात. 5 मिनिटांवर आणली की 16. दुरुस्तीसाठीच्या राखीव गाड्या वेगळ्या, दोन पाळ्यांचे चालक-वाहक वेगळे. बस एकदाच घ्यायची असते, पगार दरमहा. घोषणा बारगळतात त्या इथेच.

उत्तर २: त्या 80 मधली 10 मिनिटं वाचवलीत तर 7 गाड्यांत तीच सेवा! सिग्नलच्या अलीकडचा थांबा पलीकडे न्या. अलीकडे असला की प्रवासी चढेपर्यंत हिरवा दिवा जातो, बस दोनदा थांबते. मात्र थांबा हलला की दुकानदार लगेच दारात येतात, वेळ वाचलेला प्रवासी काही येत नाही.

उत्तर ३: रद्द फेऱ्यांची माहिती लेखी मागा, मार्गनिहाय आणि तासनिहाय. महिन्याची सरासरी घेतलीत तर सकाळी आठची बोंब त्यात बुडून जाते.