उत्तर: राजकन्या सून केली, तरी जमीन का मिळत नाही?

लग्नाने जमीन मिळत नाही हो, वारसा मिळतो, आणि तोही नातवाला. 'क्रुसेडर किंग्ज ३' या राजघराण्यांच्या व्हिडिओ गेममध्ये राजाची थाटामाटात सून करून आणलेली मुलगी तीन भावांच्या मागे रांगेत असेल, तर तुम्ही नुसती सोयरीक केली. राजकन्या नको, वारसदार शोधा. त्यातही तिचा बाप जिवंत असेल तर त्याच्या बायकोचं वय बघा. गेममध्ये पंचेचाळिशीनंतर बायकांना मूल होत नाही. पण म्हातारा विधुर झाला, की दुसरं लग्न करतो, मुलगा होतो आणि तुमची पंधरा वर्षांची योजना पाण्यात. (माझी दोनदा गेली. दुसऱ्या वेळी त्या पाळण्यातल्या बाळावर मारेकरी घातले, ते पकडले गेले.)

म्हणून स्वतःच गादीवर बसलेली बाई सापडली तर सोडू नका. ११५२ मध्ये पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या दुसऱ्या हेन्रीने फ्रान्समधल्या अ‍ॅक्विटेनच्या एलिनॉरशी लग्न केलं, तेव्हा ती स्वतःच तिथली डचेस, म्हणजे त्या मुलखाची सत्ताधीश होती.

लग्न मातृवंशीय नाही ना, हे मात्र होकार देण्याआधी तपासा. तसं असेल तर मुलं तिच्या घराण्याची होतात, म्हणजे मुलूख जोडायला गेलात आणि गादीच घालवून बसलात.