दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) किती द्यावी? प्रोटीन 26 टक्के, तरी वाढ नाही

मुरबाडकर
लार्ज व्हाइट यॉर्कशायर क्रॉस पिल्लं, 28 व्या दिवशी आईपासून तोडलेली, सरासरी 6.5 किलो. 100 किलो खाद्यात मका 45, सोया डीओसी 36, सुकट 10, तांदळाचा कोंडा 7, मिनरल मिक्श्चर आणि मीठ मिळून 2. हिशेबाने प्रोटीन 26 टक्के येतं. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी पातळ हगवण लागते आणि दहा दिवसांत वजन जेमतेम अर्धा किलो वाढतं. प्रोटीन अजून वाढवू की सुकट बदलू?

दाणापाणी
वाढवू नका, उतरवा. या वयात पिल्लाच्या पोटात आम्ल कमी असतं, त्यामुळे इतकं प्रोटीन पचतच नाही. न पचलेलं मोठ्या आतड्यात जाऊन सडतं, अमोनिया होतो आणि ई. कोलाय या जंतूंना आयतं जेवण मिळतं. हगवण तिथून येते.

सोयाचा स्वतःचा त्रास वेगळाच. त्यातल्या ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन या प्रोटीनची अचानक भरपूर मात्रा आली की आतड्याला सूज येते, अन्न शोषणारे आतड्यातले बारीक केसर आखूड होतात. म्हणून पहिले 14 दिवस सोया 20 टक्क्यांच्या आत ठेवा, पण आईजवळ असताना दहाव्या-बाराव्या दिवसापासून क्रीप फीडमधून (दूध पिणाऱ्या पिल्लांना वेगळं ठेवलेलं खाद्य) तीच सोया थोडी-थोडी चाटवा. ओळख असली की धक्का कमी बसतो.

पहिल्या 14 दिवसांचं 100 किलो: बारीक दळलेला मका 50, सोया डीओसी 20, व्हे पावडर (चीज-पनीर करताना उरणाऱ्या पाण्याची) 15, फिशमील (मासळीचं पीठ) 6, स्किम मिल्क पावडर 4, तेल 2.5, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) 0.8, व्हिटॅमिन-मिनरल प्रीमिक्स 0.7, लायसिन एचसीएल 0.4, मीठ 0.3, मेथिओनिन 0.15, थ्रिओनिन 0.15 (लायसिन धरून ही तिन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक). प्रोटीन 20 च्या आसपास, एकूण लायसिन साधारण 1.5 टक्के. बघायचा आकडा हा लायसिनचा, प्रोटीनचा नव्हे. 400 ग्रॅम लायसिन सरळ ढिगात टाकलं तर एका कोपऱ्यात राहतं. आधी 5 किलो मक्याच्या पिठात कालवा, मग सगळ्यात मिसळा.

कोळीवाडा
सुकटीबद्दल दोन शब्द. सुकट म्हणजे जवळा, आणि त्याच्या कवचात कायटिन असतं. लॅब नायट्रोजन मोजून 6.25 ने गुणते आणि त्याला प्रोटीन म्हणते, त्यात कायटिनचा नायट्रोजनही प्रोटीन म्हणून धरला जातो. कागदावर जे 50 टक्के दिसतं, पिल्लाला त्याहून कमीच मिळतं. शिवाय जवळा जमिनीवर वाळत घालतात, रेती येतेच. ग्लासभर पाण्यात मूठभर टाकून ढवळा, तळाला काय बसतं ते बघा.

बाजारातला मासळीचा चुरा खारवलेला असेल तर मीठ मोजूनच घ्या. पाणी कमी पडलं की खारट खाद्य खाल्लेली पिल्लं भिंतीला डोकं लावून उभी राहतात, दिसेनासं होतं, झटके येतात. पाणी पिण्याच्या निपलमधून (नळीच्या तोटीतून) मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी यायला हवं, भांडं लावून मोजा.

मुरबाडकर
धन्यवाद. पण व्हे पावडर परवडेल का?

दाणापाणी
पिल्लू पहिल्या 14 दिवसांत साधारण 4 किलो खाद्य खातं. 15 टक्के म्हणजे 600 ग्रॅम व्हे, एवढंच. ते पोतंभर सोयासारखं महिनोन्‌महिने घालायचं नसतं. त्यातल्या लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल तयार होतं, पोटातला पीएच उतरतो, म्हणून तिथे काटकसर करू नका. पंधराव्या दिवसापासून व्हे 5 वर आणा, स्किम बंद, सोया 26 ते 28. तीन-चार दिवस जुनं-नवं मिसळून बदला.

भुईमूग पेंड स्वस्त दिसते, पण लायसिन कमी आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन या विषाची भीती. सरकी पेंड तर या वयात नकोच, त्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. सोयाचा रंग बघा: फिकट पिवळसर ठीक, करपलेली तपकिरी असेल तर लायसिन बांधलं गेलेलं असतं, पिल्लाला ते मिळत नाही. कच्ची राहिली तर प्रोटीनचं पचन अडवणारा ट्रिप्सिन इनहिबिटर शिल्लक राहतो. सोया नीट भाजली गेली का हे सांगणाऱ्या युरिएज चाचणीत पीएचची वाढ 0.05 ते 0.20 मध्ये असलेलीच घ्या.

कोळीवाडा
वाशी-तुर्भ्याकडचं हॉटेलचं खरकटं या पिल्लांना घालू नका. मीठ-तेल जास्त, आणि त्यात डुकराचं मांस असलं तर आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणू रोगाचा धोका. भारतात तो 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आढळला, आणि त्यावर औषध नाही. मोठ्या डुकरांना द्यायचंच असेल तर अर्धा तास सतत ढवळत उकळून, आणि कच्च्या खरकट्याची बादली पिल्लांच्या गोठ्यापासून लांब.