राज्यपालांच्या यादीत मधल्या रिकाम्या काळाचं काय लिहायचं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकला पंचवटीत राहते. शाळेच्या कार्यालयातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आमच्या गल्लीत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची मुलंमुली तिथे एमपीएससीचा अभ्यास करतात. संध्याकाळी चावी माझ्याकडे असते, म्हणून मुलांशी बोलणं होतं. त्यांच्यासाठी भिंतीवर लावायला महाराष्ट्राच्या राज्यपालांचा तक्ता करायला घेतला आणि अडकले आहे.

तक्त्याचा आधार म्हणजे माझ्या वडिलांची वही. दादा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, आत टाकाने काढलेले रकाने: नाव, कधीपासून, कधीपर्यंत, शेरा. राजपत्र कचेरीत आलं की त्यात बघून नोंद करायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कामाचा भागही नव्हता. "राज्याचा कारभार ज्याच्या नावाने चालतो त्याचं नाव कारकुनाला ठाऊक पाहिजे," असं म्हणायचे.

त्यात श्रीप्रकाश यांचं नाव लागोपाठ दोनदा आहे. एकदा १० डिसेंबर १९५६ पासून, मग आडवी रेघ, आणि खाली पुन्हा तेच नाव १ मे १९६० पासून. मला वाटलं दादांची चूक झाली. मी एकच नाव ठेवलं.

पुढे तीन नावांसमोर तांबड्या शाईत 'निधन' आहे: सुब्बरायन, चेरियन, अली यावर जंग. अली यावर जंग यांच्या ओळीत शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, '११-१२-७६, शनिवार. कचेरीवरचा ध्वज निम्म्यावर.' त्याखाली दादांनी दोन ओळी कोऱ्या सोडल्यात आणि मग सादिक अली, ३० एप्रिल १९७७. अशा कोऱ्या ओळी वहीत सात-आठ ठिकाणी आहेत.

तक्त्यात मोकळी जागा बरी दिसत नाही म्हणून मी तारखा सांधल्या. एक गेले की दुसऱ्या दिवसापासून पुढचे, असं केलं. फ्लेक्स छापून आणला, लावला. तिसऱ्या दिवशी पेठची एक मुलगी खाली चावी द्यायला आली आणि म्हणाली, "काकू, सुब्बरायन ६ ऑक्टोबर १९६२ ला गेले ना? मग विजयालक्ष्मी पंडित ७ तारखेला कशा? त्या २८ नोव्हेंबरला आल्या." मी वही उघडली. तिचं बरोबर होतं, दादांचंही बरोबर होतं. फ्लेक्स त्याच रात्री काढला. मुलं परीक्षेत हेच पाठ करून लिहितील या विचाराने झोप लागली नाही.

तर जाणकारांनी सांगावं. या कोऱ्या ओळींच्या काळात राज्यपाल कोण असतात? श्रीप्रकाश एकदा लिहायचे की दोनदा? आणि मुदत पाच वर्षांची असं पुस्तकात आहे, पण वहीत पाच वर्षं पुरी करणारे शोधावे लागतात, हे कसं?

नाशिकरोडचा वकील

ताई, तुमच्या वडिलांची वही जपून ठेवा. ती कोरी ओळ हेच खरं उत्तर आहे.

राज्यपालाची जागा अचानक रिकामी झाली तर काय करायचं ते राष्ट्रपती ठरवतात. संविधानाच्या अनुच्छेद १६० मध्ये ती तरतूद आहे. आपल्याकडे पूर्वी बहुतेक वेळा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे कार्यभार जायचा. अली यावर जंग गेल्यावर सादिक अली येईपर्यंतचे साडेचार महिने मुख्य न्यायमूर्ती आर. एम. कांटावाला यांनी सांभाळले. अलीकडे शेजारच्या राज्याच्या राज्यपालांकडे अतिरिक्त कार्यभार देतात. एकाच माणसाला दोन-तीन राज्यांचा राज्यपाल करता येतं, ती सोय १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये के. शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली झाली, त्यांनी तिकडे न जाता राजीनामा दिला. विद्यासागर राव ३० ऑगस्टला येईपर्यंतचे थोडे दिवस गुजरातचे राज्यपाल ओम प्रकाश कोहली यांनी आपलं राज्य पाहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले तेव्हाही गुजरातचेच आचार्य देवव्रत यांनी १५ तारखेला इथली शपथ घेतली.

आता १९६२ चं नीट बघा, कारण ते नाशिककरांच्या जिव्हाळ्याचं आहे. चीनचं युद्ध चालू. यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं आणि २० नोव्हेंबरला मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. त्या दिवशी सुब्बरायन हयात नव्हते आणि विजयालक्ष्मी पंडित यायला आठ दिवस होते. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्याकडून दुसऱ्याकडे सत्ता गेली ती तुमच्या वहीतल्या कोऱ्या ओळीत! तारखा सांधल्या की हा एवढा मोठा प्रसंग भलत्याच राज्यपालांच्या नावावर जमा होतो. आणि तेच चव्हाण पुढच्या वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, हे आपल्या मुलांना ठाऊक असायलाच हवं.

श्रीप्रकाश यांचं नाव दोनदा लिहिणं बरोबर आहे. १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्याचे राज्यपाल झाले. त्यात गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाडा सगळं होतं. १ मे १९६० ला ते राज्य उरलं नाही. माणूस तोच राहिला, राज्य बदललं. महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून त्यांचा काळ १ मे १९६० ते १६ एप्रिल १९६२ एवढाच धरायचा.

पाच वर्षांचं उत्तर अनुच्छेद १५६ मध्ये आहे. आधी वाक्य येतं की राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत राज्यपाल पद धारण करील. पाच वर्षं त्याच्यानंतर येतात. पहिल्या वाक्याचं वजन जास्त आहे. २०१० मध्ये बी. पी. सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मर्जी मनमानी पद्धतीने वापरता येणार नाही, केंद्रातलं सरकार बदललं एवढ्याच कारणावरून राज्यपाल हटवता येणार नाही. तरी राजीनामे आणि बदल्या चालूच राहिल्या.

ओझरकर

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी माझ्या बाजूचं सांगतो.

माझे वडील ओझरला विमान कारखान्यात फिटर होते. मिग बनायची तिथे. १९८० च्या नोव्हेंबरात ओ. पी. मेहरा राज्यपाल झाले आणि मार्च १९८२ मध्ये त्यांच्या जागी इद्रिस हसन लतीफ आले. दोघेही माजी हवाईदल प्रमुख, लागोपाठ. आमच्या टाउनशिपमध्ये राज्यपाल कोण याचं एरवी कोणाला काही नसायचं, पण त्या दोघांची नावं शेंबड्या पोराला माहीत होती. मेहरा १९७३ ते १९७६ हवाईदल प्रमुख होते, म्हणजे ओझरची विमानं उडत होती ती त्यांच्या दलात. वडिलांनी पेपरातला मेहरांचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. खळ वाळून पिवळी पडली तरी फोटो तिथेच होता.

ताई, तक्त्यात जागा असेल तर नावापुढे 'आधी कोण होते' असा एक रकाना घाला. त्यातून मुलांना फार कळेल. कोण स्वातंत्र्यलढ्यातले, कोण दुसऱ्या राज्याचे माजी मुख्यमंत्री, कोण सनदी अधिकारी. विजयालक्ष्मी पंडित तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष होत्या. आपल्या राज्याला एवढ्या वर्षांत महिला राज्यपाल त्या एकट्याच लाभल्या. १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर फूलपूरची पोटनिवडणूक लढवायला त्यांनी पद सोडलं.

गोदाकाठची

दोघांचे मनापासून आभार. कन्नमवारांचं वाचून मी वही पुन्हा काढली. १९६२ च्या कोऱ्या ओळीत पेन्सिलीने फक्त 'य. च. → कन्नमवार' असं आहे. इतकी वर्षं मी ती खूण पाहिली होती, अर्थ आज कळला.

आता नीट हिशोब मांडला. सगळ्यात मोठी पोकळी १९८७ ची आहे. डॉ. शंकर दयाळ शर्मा २ सप्टेंबर १९८७ पर्यंत, मग ते उपराष्ट्रपती झाले. कासू ब्रह्मानंद रेड्डी आले २० फेब्रुवारी १९८८ ला. साडेपाच महिने! सुब्बरायन यांची सबंध कारकीर्दही जवळजवळ तेवढीच. ते १७ एप्रिल १९६२ ला आले आणि ६ ऑक्टोबरला गेले.

चेरियन यांचं मात्र मनाला लागलं. १४ नोव्हेंबर १९६४ ला आले आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये पाच वर्षं पुरी व्हायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा गेले. दादांनी त्यांच्यासमोर शेऱ्यात लिहिलंय, 'मुदत जवळजवळ पूर्ण.' हा 'जवळजवळ' लिहिताना त्यांनी टाक थोडा वेळ टेकवून धरला असावा, शाई पसरली आहे.

पाच वर्षं खरोखर पुरी केलेले महाराष्ट्रात मला तीनच सापडले: अली यावर जंग, पी. सी. अलेक्झांडर आणि विद्यासागर राव. अलेक्झांडर तर १२ जानेवारी १९९३ पासून जुलै २००२ पर्यंत, साडेनऊ वर्षं. शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे, विलासराव देशमुख, चौघांना मुख्यमंत्रिपदाची शपथ त्यांनीच दिली.

माझ्या पिढीला राज्यपाल म्हटलं की अलेक्झांडरच डोळ्यांपुढे येतात. मी नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. पदवीदान समारंभाच्या पत्रिकेवर कुलपती म्हणून त्यांचं नाव होतं. दादांनी चष्मा पुसून पत्रिका वाचली आणि म्हणाले, "हे बघ, वहीतला माणूस तुझ्या पत्रिकेवर आला." मुक्त विद्यापीठ १९८९ चं, आरोग्य विद्यापीठ १९९८ चं. दोन्ही आपल्या नाशिकची आणि दोन्हींचे कुलपती राज्यपाल. तरी इथली मुलं राज्यपालांना परीक्षेतल्या एका मार्काचा प्रश्न समजतात, याचं मला वाईट वाटतं.

अजून एक अडचण. नेमणुकीची तारीख धरायची की शपथेची? दोन पुस्तकांत कोश्यारींच्या तारखा वेगळ्या आहेत.

स्पर्धापरीक्षा_सातपूर

काकू, शपथेची धरा. मी मुलांना हेच शिकवतो. राष्ट्रपती नेमतात, पण उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसमोर शपथ घेतल्याशिवाय राज्यपाल पदावर येत नाही. भगतसिंह कोश्यारी यांची नेमणूक १ सप्टेंबर २०१९ ला जाहीर झाली, शपथ ५ सप्टेंबरला झाली. मधले दिवस विद्यासागर रावच राज्यपाल होते, कारण मुदत संपली तरी पुढचा माणूस पदभार घेईपर्यंत आधीचा पदावर राहतो. ही तरतूदही १५६ मध्येच आहे. २०२३ मध्येही तसंच. कोश्यारींचा राजीनामा १२ फेब्रुवारीला मंजूर झाल्याचं जाहीर झालं, त्याच दिवशी रमेश बैस यांची नेमणूक झाली आणि शपथ झाली १८ तारखेला. पुस्तकं गोंधळतात ती इथे. तीच गोष्ट राधाकृष्णन यांची, त्यांची शपथ ३१ जुलै २०२४ ची.

राष्ट्रपती राजवटींची खूण मात्र तक्त्यात नक्की करा, परीक्षेत हमखास विचारतात. १९८० मध्ये फेब्रुवारी ते जून सादिक अली होते. २०१४ मध्ये सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर विद्यासागर राव. २०१९ मध्ये १२ ते २३ नोव्हेंबर कोश्यारी. त्या काळात मंत्रिमंडळ नसतं आणि राज्यपाल राष्ट्रपतींच्या वतीने खरोखर कारभार पाहतात. मुख्यमंत्र्यांच्या यादीत तिथे पोकळी दिसते, राज्यपालांच्या यादीत दिसत नाही. दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावल्या तर मुलांना एका नजरेत कळेल.

गोदाकाठची

शेजारी शेजारी लावायची कल्पना फार आवडली. आता फ्लेक्स करणार नाही. रविवार कारंजावरून मोठे पांढरे कार्डशीट आणले आहेत आणि रकाने हाताने आखले आहेत. डावीकडे राज्यपाल, उजवीकडे मुख्यमंत्री, मध्ये वर्षांची पट्टी. श्रीप्रकाश दोनदा, मध्ये रेघ. कार्यभाराच्या काळाला राखाडी रंग आणि त्यात 'कार्यभार' एवढाच शब्द. १९६२ च्या राखाडी पट्टीतून कन्नमवारांकडे एक बाण काढला आहे, दादांच्या पेन्सिलीसारखा.

पेठची ती मुलगी समोर बसून वहीतल्या तारखा मोठ्याने वाचते आणि मी लिहिते. काल १९७७ पर्यंत झालं. वहीच्या शेवटच्या पानांवर दादांचं अक्षर कापरं होत गेलंय, तिथे तिला वाचायला वेळ लागतो. अलेक्झांडर यांच्या नावापुढे 'पर्यंत'चा रकाना दादांच्या हातून भरायचा राहिला. तो मी भरला आहे: १३-७-२००२.